डावीकडचे वाफे

हरिहर दातार बागेचा चौथा नकाशा काढायला बसले, तेव्हा त्यांच्या मुलीने, ऋजुताने, मनाशी ठरवलं की या वेळी आवाज चढवायचा नाही. तिसऱ्या नकाशाला तो चढला होता आणि त्यानंतर दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता.

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, निवासी विभागात दातारांचं बैठं घर होतं. आजूबाजूचे बरेचसे बंगले पाडून तिथे चार-चार मजली इमारती झाल्या होत्या. यांचं घर तसंच राहिलं, कारण हरिहरना बिल्डरचा एकही प्लॅन पसंत पडला नाही. ते छत्तीस वर्षं पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्याने काढलेल्या नकाशात त्यांना जिना तरी चुकलेला दिसायचा, नाहीतर खिडकी. बायको मंदाकिनी सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात बाप-लेक दोघंच. ऋजुता त्रेचाळीस वर्षांची होती. ठाण्याला नौपाड्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची, त्याचा रीतसर डिप्लोमा केलेली होती.

डिसेंबरात हरिहरना झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी. नऊ दिवस हॉस्पिटल. डावा हात आणि डावा पाय थोडा कमजोर झाला, बोलणं मात्र खणखणीत राहिलं. घरी आल्या दिवशीच त्यांनी पंख्याचा आवाज येतो म्हणून तक्रार केली, तेव्हा ऋजुताला हायसं वाटलं होतं. साईनाथ नावाचा फिजिओथेरपिस्ट दोन महिने येत होता. जाताना तो म्हणाला, "काकांचा हात येईल हळूहळू. पण डोकं रिकामं ठेवू नका. त्यांच्या आवडीचं काहीतरी द्या करायला."

म्हणून बाग. घरामागे मोकळी जमीन होती, सव्वीस फूट रुंद आणि अठरा फूट खोल. मंदाकिनी असताना तिथे अळू आणि गवती चहा असायचा, पुढे नुसतं रान माजलं. पाऊस सुरू व्हायच्या आत तिथे भाजीचे वाफे करू, तुम्ही आखणी करून द्या, मी माणूस लावून खणून घेते, असं ऋजुताने सुचवलं आणि वडील लगेच तयार झाले. माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली आला. टी-स्क्वेअर पुसला गेला. एक इंचाला दोन फूट असं प्रमाण ठरलं. डाव्या हाताने पट्टी घट्ट धरता येईना, म्हणून बाहेरची चौकट ऋजुताने आखली. आतलं सगळं ते काढणार होते. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी कारखान्यातल्यासारखं लिहिलं: दातार, बाग, शून्य एक.

नऊ भाज्या ठरल्या होत्या. भेंडी, गवार, मिरची, वांगी, टोमॅटो, लाल माठ, काकडी, दोडका, कारलं. शेवटच्या दोघांना मांडव.

नकाशा पाहून ऋजुता आधी हसली. तिला वाटलं, अजून अर्धा बाकी आहे.

"झाला," हरिहर म्हणाले.

"बाबा, डावीकडे काहीच नाहीये."

"काय नाहीये?"

"वाफे. सगळं उजवीकडे आलंय."

त्यांनी कागदावर बोट फिरवत मोजलं. "भेंडी, गवार, मिरची. नऊच्या नऊ आहेत की."

"आहेत, पण कोंबलेत. मिरचीत जायला वाटच नाही. टोमॅटो मांडवाच्या खाली गेलेत."

"जागा आहे तेवढीच आहे, ऋजुता. जमीन काय मी ताणू?"

तिने कागदाच्या डाव्या बाजूवर हात ठेवला. "ही एवढी आहे ना मोकळी."

ते तिच्या हाताकडे न बघता म्हणाले, "मोकळी कशी असेल? मी पूर्ण काढलाय."

आणि कोंबाकोंबीहून वाईट गोष्ट अशी, की त्या जमिनीचा उजवा भाग भाजीच्या कामाचाच नव्हता. मागच्या दारात उभं राहिलं की उजव्या हाताला जुना आंबा होता. त्याच्या खाली गवतसुद्धा धड उगवत नसे. पलीकडे चार मजली इमारत, म्हणजे दुपारनंतर तिचीही सावली. ऊन यायचं ते डावीकडे, परशुराम गावड्यांच्या बुटक्या भिंतीच्या बाजूने. सकाळी सातपासून दोनपर्यंत तिथे लख्ख ऊन असायचं. हे हरिहरनीच तिला लहानपणी शिकवलं होतं, की घर बघायला गेलं की आधी ऊन कुठून येतं ते बघायचं. आता तेच ऊन सोडून सावलीत टोमॅटो लावत होते.

दुसरा नकाशा पहिल्यासारखाच झाला. तिसऱ्याआधी तिने स्वतः सगळी जमीन पुन्हा मोजली, मधोमध खुंटी ठोकली आणि वडिलांना मागच्या दारात खुर्ची टाकून बसवलं. "इथून खुंटीपर्यंत तेरा फूट, तिथून पुढे तेरा फूट." त्यांनी मान डोलावली, आकडे लिहून घेतले. तीन दिवस खपून त्यांनी वाफ्यांची लांबी इंचात टाकली, पाण्याचा पाट दाखवला, मांडवाच्या बांबूंची जाडीसुद्धा लिहिली. अक्षर पूर्वीइतकंच रेखीव होतं. आणि कागदाचा डावा अर्धा भाग पुन्हा कोरा.

तेव्हा ती ओरडली. "तुम्हाला करायचंच नसेल तर तसं सांगा ना. मी दुकानातून येऊन रोज हे बघायचं, समजावायचं, आणि तुम्ही मुद्दाम तेच करून ठेवायचं."

"मुद्दाम?" हरिहरनी पेन्सिल खाली ठेवली. "छत्तीस वर्षांत माझं एक ड्रॉइंग परत आलं नाही. आणि तू मला शिकवतेस."

दोन दिवस अबोला. तिला फक्त नकाशाचाच राग नव्हता. घरी आल्यापासून ते फार आडमुठे झाले होते, असं तिचं मत झालं होतं. ताटातली डावी बाजू ते सरळ टाकून देत. चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं तसंच. ज्या माणसाने आयुष्यभर चटणीशिवाय घास घेतला नव्हता, त्याने. "चटणी नाही केलीस?" असं वर विचारायचे. केलीये, समोर आहे, असं म्हटलं की म्हणायचे, "असू दे." तिला वाटायचं, आईच्या हातची चव नाही म्हणून हा टोमणा. दाढी करताना डावा गाल खरबरीत राहायचा. दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायचे आणि चौकटीवर चिडायचे. वर्तमानपत्र वाचायचं सोडून दिलं. म्हणाले, हल्ली काहीही लिहितात, वाक्याला वाक्य लागत नाही.

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून ती त्यांना रिक्षा करून नौपाड्याला दुकानात घेऊन गेली. तिच्या खुर्चीत बसवलं, एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. ते भराभर वाचत गेले. खालच्या ओळींत प्रत्येक वेळी पहिलं एखादं अक्षर गळत होतं, पण बारीकातली बारीक अक्षरं अचूक येत होती. घाई करताहेत, असं तिला वाटलं. तिने कार्डावर लिहिलं, नंबर तोच.

"बघ," ते म्हणाले. "माझे डोळे ठीक आहेत. तुझा नकाशाच चुकीचा आहे."

"नकाशा तुमचा आहे, बाबा."

"मग बरोबरच असणार."

चौथा नकाशाही तसाच निघाला. या वेळी ती ओरडली नाही. न ओरडता विचार करत बसली, आणि विचारातून तिला एक कारण सापडलं. ते इतकं सरळ होतं, की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं. डावीकडे परशुराम गावडे होते.

गावडे आणि दातार नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. गावड्यांनी गच्चीवर पत्रा टाकला, त्याचा पाइप भिंतीवरून असा काढला की पावसाचं सगळं पाणी दातारांच्या मागच्या अंगणात. हरिहरनी जाऊन सांगितलं. मग नकाशा काढून दिला, की पाइप असा वळवा. गावडे म्हणाले, तुमचा नकाशा तुमच्याकडेच ठेवा. पाइप पुढे त्यांनी आपणहून वळवला, पण बोलणं थांबलं ते थांबलंच. मंदाकिनी गेली तेव्हा गावडे येऊन उभे राहिले होते, दोघं तेव्हाही बोलले नाहीत.

म्हणजे बाबांना त्या भिंतीशेजारी काही लावायचंच नाही, ऋजुताने ठरवून टाकलं. ती भिंत त्यांनी मनातून पुसलीये.

शनिवारी संध्याकाळी ती गावड्यांकडे गेली. गावडे मूळचे सिंधुदुर्गातले, एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे. त्यांच्या भिंतीपलीकडे वांगी, मिरच्या, अळू, सगळं टकाटक होतं. तिचं ऐकून त्यांनी बराच वेळ हातातली खुरपी साफ केली.

"तुझ्या बाबाक पटतला?" ते म्हणाले, मग नेहमीच्या बोलण्यावर आले. "मी आलेलो दिसलो तर उठून आत जाईल तो."

"नाही जाणार. आजारपणानंतर बदललेत ते. तुम्ही फक्त या, काका. दोन शब्द बोला. बाकी मी बघते."

"रोपं घेऊन येतो," गावडे म्हणाले. "रिकाम्या हाताने बरं नाही दिसत."

रविवारी सकाळी हरिहर मागच्या ओट्यावर बोर्ड मांडून बसले होते. गावडे बाजूच्या फाटकातून आले, हातात पाटीभर वांग्याची रोपं. फाटक डावीकडे होतं. ते हरिहरांच्या डाव्या हाताशी, दोन पावलांवर येऊन उभे राहिले. ऋजुता स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.

"हरिभाऊ," गावडे म्हणाले. "कशी काय तब्येत?"

हरिहर पट्टी सरकवत राहिले.

"हरिभाऊ, मी परशुराम. वांगी आणलीत. आमच्याकडची काटेरी. तुम्हाला आवडायची."

हरिहरनी मान वर केली. उजवीकडे वळवली. आंब्याकडे पाहिलं, मग आणखी उजवीकडे, घराच्या कोपऱ्याकडे. मग पुन्हा कागदात.

गावड्यांचे कान लाल झालेले तिला खिडकीतूनही दिसले. त्यांनी पाटी ओट्याच्या कडेला ठेवली आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "माझंच चुकलं, बाय. मी यायला नको होतं." फाटक त्यांनी हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, असं तिला नंतर वाटत राहिलं.

ती तडक बाहेर आली. "एवढा माज कशाचा, बाबा? म्हातारा माणूस घरी चालून आला. तुमच्यासाठी रोपं घेऊन. दोनदा हाक मारली त्यांनी."

"कोणी?"

"कोणी काय कोणी. गावडेकाकांनी."

"परशुराम?" हरिहर म्हणाले. "परशुराम आला होता? कधी?"

"आत्ता. इथे. तुमच्या शेजारी उभे होते."

"काहीतरी बोलू नकोस. मला कुणाचा तरी आवाज आला, मी बघितलं. कोणी नव्हतं." ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरलेले दिसत होते. "टीव्ही चालू आहे का आत?"

वडिलांना नाटक करता येत नसे. आई म्हणायची, यांना साधं लग्नात जेवण चांगलं झालं असं खोटं सांगता येत नाही. ऋजुता त्यांच्या समोर उभी राहिली. पाटी त्यांच्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावर होती.

"बाबा, वांग्याची रोपं कुठे आहेत?"

त्यांनी शोधली. उजवीकडे, खुर्चीच्या खाली, पुन्हा उजवीकडे. "घेऊन गेला असेल," ते म्हणाले.

तिने एक कोरा कागद घेतला, पट्टीने त्यावर आडवी रेघ मारली आणि त्यांच्या पुढे ठेवला. "हिचा मध्य काढा. अंदाजाने."

ड्राफ्ट्समनला हे सांगणं म्हणजे अपमान होता. त्यांनी तिच्याकडे तसं पाहिलं आणि एका झटक्यात खूण केली. खूण रेघेच्या उजव्या टोकापासून जेमतेम दोन बोटांवर पडली.

"झालं?" ते म्हणाले.

तिने चौथा नकाशा उचलला आणि उलटा फिरवून, वरची बाजू खाली करून त्यांच्यासमोर धरला. आता कोरा भाग उजवीकडे आला. हरिहर कागदाकडे बघत राहिले.

"हे काय? माझे वाफे कुठे गेले?" ते म्हणाले. "ऋजुता, हे पुसलं कोणी?"

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात याच्यावर एक परिच्छेद होता. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की काही जणांना डावी बाजू दिसत असूनही जाणवत नाही. डोळे चांगले असतात, लक्ष तिकडे जात नाही, आणि जात नाही हेही त्यांना कळत नाही. परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न आला होता आणि तिने तो बरोबर सोडवला होता. तक्त्यातली गळलेली अक्षरं, खरबरीत गाल, चटणी. सगळं समोर होतं आणि ती साडेचार महिने त्यांना आडमुठं म्हणत होती.

ठाण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी तिचा अंदाज खरा ठरवला. त्यांनी नौपाड्यातल्याच श्रिया नावाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. श्रिया तिशीतली होती, शांत बोलायची. तिने सांगितलं की सुधारणा होते, पण आपल्या वेळेने होते. पहिल्या तीन महिन्यांत सुरुवात झाली असती तर जास्त फायदा झाला असता.

"घरी कोणाच्या लक्षात नाही आलं का?" तिने सहज विचारलं.

"मी डोळे तपासते," ऋजुता म्हणाली. "इथेच, पलीकडच्या गल्लीत."

श्रियाने वहीतून मान वर केली नाही. लिहिता लिहिता म्हणाली, "बऱ्याच जणांचं उशिराच कळतं."

उपाय साधे होते आणि जीव खाणारे होते. कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची. लाल दिसेपर्यंत डावीकडे बघत जायचं, मगच लिहायला-वाचायला सुरुवात करायची. अर्धं जेवण झालं की ताट फिरवायचं. त्यांच्या डाव्या बाजूने बोलायचं आणि वळेपर्यंत थांबायचं.

हरिहरना यातलं काही पटलं नाही. "मला सगळं दिसतं," ते परतीच्या रिक्षात म्हणाले, आणि पुढचे कितीतरी दिवस म्हणत राहिले. श्रियाने सांगितलं होतं की हाही त्या दुखण्याचाच भाग आहे. त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि वाद न घालता जगणं ऋजुताला जमत नव्हतं. ती दिवसातून पन्नास वेळा म्हणायची, "बाबा, लाल." ते म्हणायचे, "बघितलं." बघितलेलं नसायचं. एकदा त्यांनी बोर्डावरची पट्टी खरवडून काढली. विचारल्यावर म्हणाले, कुणीतरी घाण चिकटवली होती. म्हणजे पट्टी त्यांना दिसली होती. ही आनंदाची गोष्ट मानायची की रागाची, हे तिला कळेना. तिने दुसरी चिकटवली.

गावड्यांना समजावणं तर आणखी कठीण गेलं. तिने दारात उभं राहूनच सगळं सांगितलं.

"डावीकडचा माणूस दिसत नाही?" गावडे म्हणाले. "आणि उजवीकडचा दिसतो? असं कुठे असतं का?"

"तुम्ही एकदा उजवीकडून येऊन बघा, काका."

ते लगेच आले नाहीत. चार दिवसांनी आले, आंब्याच्या बाजूने, वळसा घालून. हरिहरनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. निदान ऋजुताला तसं वाटलं.

"परशुराम. ये. बस," ते म्हणाले. आणि गावडे बसतात न बसतात तोच, "तुझा तो पाइप. दोन इंची लावलायस ना? तीन इंची हवा होता. म्हणून तुंबतो."

"कोण म्हणतं तुंबतो?"

"मला आवाज येतो पावसाळ्यात."

गावड्यांनी ऋजुताकडे पाहिलं. "एवढं मात्र बरोबर ऐकू येतं याला," ते म्हणाले. पण उठून गेले नाहीत. चहा पिताना ते दोनदा मुद्दाम डावीकडे जाऊन उभे राहिले आणि बोलले. दोन्ही वेळा हरिहरनी उजवीकडे शोधलं. तिसऱ्यांदा गावडे डावीकडे गेले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले आणि त्यांचा आवाज उतरला.

मे संपत आला होता. खणणाऱ्या माणसाने दोनदा फोन करून विचारलं होतं. ऋजुताने शेवटी एक युक्ती केली. कागदाचे दोन तुकडे केले, प्रत्येक तेरा फुटांचा. आधी उजव्या भागाचा कागद दिला. त्याचंही तेच झालं, उजव्या कडेला गर्दी, पण लाल पट्टी आणि तिचा धोशा यांच्यामुळे वाफे निदान निम्म्याच्या पुढे डावीकडे सरकले. मग दुसरा भाग उलटा करून दिला, म्हणजे गावड्यांची भिंत उजव्या हाताला आली. बारा दिवस लागले. त्यात तीन दिवस त्यांनी बोर्डाला हात लावला नाही. एक दिवस तिनेच लावू दिला नाही, कारण त्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाने तिला तासभर छळलं होतं आणि आणखी एक "बघितलं" ऐकायची तिच्यात ताकद नव्हती.

दोन्ही कागद जोडले तेव्हा मधली पायवाट जुळेना. एका बाजूला दोन फूट रुंद, दुसऱ्या बाजूला दीड, आणि मध्ये हातभर सरकलेली. पाण्याचा पाट एका वाफ्याच्या पोटात घुसत होता. हरिहरना ते दिसलं. जोड नेमका कागदाच्या मध्यावर होता आणि लाल शोधता शोधता ते तिथपर्यंत आले होते.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

"तुमचंच आहे."

"मी असं काढलं?"

तिला हो म्हणवेना. नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. "पाट मी जमिनीवर सरकवून घेते," ती म्हणाली. "चालेल तसं."

"चालेल म्हणे." त्यांनी पेन्सिल उचलली, जोडावरची वाट खोडली, पुन्हा काढली, पुन्हा खोडली. कागद फाटला. त्यांनी तो चुरगाळून खाली टाकला आणि उठून आत जाताना चौकटीवर खांदा आपटला. ती ओट्यावर बसून राहिली. दमली होती. जवळच्या रसायनांच्या कंपन्यांचा वास आला होता, उठून खिडक्या लावायला हव्या होत्या, तेवढंही होईना. थोड्या वेळाने तिने कागद उचलून मांडीवर सपाट केला, मागून चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी खणणाऱ्याला बोलावलं.

तिने चुन्याची फक्की टाकत नकाशा जमिनीवर उतरवला. गावडे भिंतीवरून सांगत होते, पाट उताराला घे, इकडे नको. आंब्याखाली त्यांनी अळू आणि हळद लावायला लावली, भेंडी आणि टोमॅटो भिंतीकडे आले. नऊपैकी सहाच भाज्या झाल्या. मांडव वाकडा झाला. गावड्यांची पहिली रोपं कधीच सुकून गेली होती, त्यांनी दुसरी दिली. ती ऋजुताने भिंतीला लागून दोन ओळींत लावली.

जुलैत हरिहर काठी घेऊन अंगणात फिरायला लागले. मागच्या दारातून निघाले की त्यांना अळू दिसायचं, मांडव दिसायचा, आणि ते म्हणायचे, "वांगी लावायची राहिली." ती रोज सांगायची. रोज सांगून तिचा घसा बसायचा. श्रिया म्हणत होती, प्रगती आहे. ताटातली कोशिंबीर ते आता स्वतःहून शोधत होते, चटणीपर्यंत अजून पोचत नव्हते. ऋजुता मान डोलवायची आणि घरी येऊन ताट फिरवायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ते काठी टेकत अंगणाच्या पार टोकाला, मागच्या कुंपणापर्यंत गेले. तिथून घराकडे वळून उभे राहिले. तसं उभं राहिलं की गावड्यांची भिंत उजव्या हाताला यायची. ऋजुता मिरच्यांतलं गवत काढत होती.

"ऋजुता."

"काय?"

"ही वांगी कोणी लावली?"

"मी. दोन महिने झाले, बाबा."

ते काठीने मोजत जवळ आले, वाकले, एका रोपापासून दुसऱ्यापर्यंत काठी आडवी धरली. "दोन रोपांत फूटभर अंतर आहे. मी दोन फूट लिहिलं होतं. पानांत पानं गेलीत, कीड पडेल."

तिने फाटका नकाशा आठवला. त्यावर खरंच दोन फूट लिहिलं होतं. तिने घाईत हाताच्या अंदाजाने लावली होती.

"आता मोठी झालीत," ती म्हणाली. "आता कुठे हलवणार?"

"एक सोडून एक काढ. मुळाशी माती धरून काढ. तिकडे," त्यांनी काठी उजवीकडे भिंतीच्या कोपऱ्याकडे केली, "तिकडे रिकामं आहे."

"दगावतील त्यातली काही."

"दगावतील. पण आहेत तशी ठेवलीस तर एकही धड येणार नाही."

तिला भयंकर राग आला. रविवारची सकाळ होती, आठवड्यात तेवढीच सुट्टी, पाठ भरून आली होती, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ती फावडं आणायला उठली. हरिहर तिथेच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून, आणि पलीकडच्या गावड्यांना सांगू लागले की पोरगी ऐकत नाही, दोन फूट म्हटलं की फूटभर लावते.

"जोरात बोल," भिंतीपलीकडून गावडे म्हणाले. "मी पंपाजवळ आहे."

ऋजुताने पहिल्या रोपाभोवती फावडं खुपसलं.